बॅटरी मेलेल्या स्पार्कस्टेशनवर नेटबीएसडी

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचं स्पार्कस्टेशन ५ हे वर्कस्टेशन बाजारात आलं १९९४ साली. माझ्याकडचं आलं एका प्रयोगशाळेची अडगळ उपसली गेली तेव्हा, "कुणाला हवं असेल तर न्या, नाहीतर भंगारात चाललंय" अशा अवस्थेत. जड, चपटं खोकं. मागची भोकं आजच्या कुठल्याच केबलशी न जुळणारी. आत ११० मेगाहर्ट्झचा मायक्रोस्पार्क-२ प्रोसेसर आणि ३२ मेगाबाइटच्या चार मेमरी पट्ट्या. या पट्ट्या दिसतात जुन्या पीसीच्या १६८ पिनी पट्ट्यांसारख्या, पण पीसीची पट्टी इथे चालत नाही, ही सनची स्वतःची धाटणी. अशा आठ जागा, प्रत्येकीत जास्तीत जास्त ३२, म्हणजे या यंत्राची धाव २५६ मेगाबाइटपर्यंत.

त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची याचा फार विचार करावा लागला नाही, कारण पर्यायच फारसे उरलेले नाहीत. सनची स्वतःची सोलारिस ९ या यंत्रावर चालते, पण सोलारिस १० पासून ३२ बिटी स्पार्क, म्हणजे या प्रोसेसरची जातच, वगळला गेला. युनिक्स घराण्यातल्या मोफत प्रणालींपैकी ओपनबीएसडीने २०१६ च्या ५.९ नंतर तो सोडला. फ्रीबीएसडी ३२ बिटी स्पार्ककडे कधी वळलीच नाही. नेटबीएसडीची मात्र २०२४ मध्ये आलेली १०.० सुद्धा स्पार्कसाठी तयार मिळते. हे नातंही जुनं आहे: बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सची आवृत्ती असलेल्या ४.४बीएसडीतलं स्पार्कसाठीचं मूळ काम लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ख्रिस टोरेक यांनी केलं, आणि १९९४ च्या नेटबीएसडी १.० मध्ये स्पार्क होताच. जुनी सनओएस टाकून यंत्राचं संग्रहालय करण्यात मला रस नव्हता. आजची सुरक्षा दुरुस्त्या मिळणारी प्रणाली तीस वर्षांच्या लोखंडावर कशी वागते ते बघायचं होतं.

तर सुरुवात. पॉवर सप्लाय उघडून कपॅसिटर फुगलेत का, बुडाशी काही पाझरलंय का ते पाहिलं, धूळ काढली. कळफलक आणि पडदा जोडलाच नाही. सनच्या यंत्राला कळफलक सापडला नाही की ते निमूट पहिल्या सिरियल पोर्टवर बोलायला लागतं, ९६०० बॉडने. २५ पिनी सिरियल पोर्ट, त्याला नल-मोडेम केबल, पुढे यूएसबीचं सिरियल अडॅप्टर, आणि लॅपटॉपवर टर्मिनल. एवढ्या लांबलचक साखळीतून पहिली ओळ उमटली तेव्हा बरं वाटलं. दुसरी ओळ मात्र अशी: आयडीप्रॉममधला (यंत्राच्या ओळखीच्या नोंदीतला) मजकूर अवैध आहे. इथरनेटचा पत्ता: एफएफ, एफएफ, एफएफ, शेवटपर्यंत एफएफ.

या यंत्राला आपण कोण आहोत हेच आठवत नव्हतं. सनच्या यंत्रात एम४८टी०८ नावाची एक चिप असते. आठ किलोबाइट मेमरी, घड्याळ आणि लिथियमची बॅटरी असं तिन्ही एकाच काळ्या आवरणात ओतून बंद केलेलं. बॅटरी साधारण दहा वर्षांच्या हिशेबाने घातलेली, बदलण्याची सोय शून्य. ती संपली की बूटच्या सेटिंग जातात, घड्याळ थांबतं, आणि यंत्राची ओळख, म्हणजे नेटवर्क पत्ता आणि होस्ट आयडी, हीही त्याच मेमरीत असल्याने ती पुसली जाते. ओळख बॅटरीच्या भरवशावर ठेवण्याची कल्पना ज्याला कुणाला सुचली, त्याने हे यंत्र तीस वर्षांनी कुणी चालवेल असं धरलं नसावं.

ओळख परत लिहिता येते, आणि ते काम मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलं. सनच्या फर्मवेअरचं नाव ओपनबूट. पीसीचं बायॉस म्हणजे मेन्यू, बाण आणि एफ१०. ओपनबूटमध्ये मात्र नुसतं 'ओके' असं लिहिलेलं येतं आणि पुढे तुम्ही फोर्थ या भाषेत वाटेल तो प्रोग्राम लिहू शकता. याच कल्पनेचं पुढे १९९४ मध्ये आयईईई १२७५ हे मानक झालं आणि ॲपलच्या पॉवरपीसी मॅकमध्येही ते गेलं. फोर्थमध्ये आधी आकडे टाकायचे आणि शेवटी क्रिया: तीन, चार, बेरीज. मराठी वाक्यासारखंच, क्रियापद शेवटी. त्यामुळे की काय, माझा हात त्यावर लवकर बसला.

ओळखीच्या नोंदीत सोळा बाइट असतात. पहिली १, म्हणजे नोंदीचा नमुना. दुसरी यंत्राचा प्रकार, स्पार्कस्टेशन ५ साठी षोडशमानात (हेक्स) ८०. पुढच्या सहा म्हणजे इथरनेटचा पत्ता. सनच्या यंत्रांचा तो ०८:००:२० ने सुरू होतो. मग चार तारखेच्या, तीन क्रमांकाच्या, आणि सोळावी बाइट म्हणजे आधीच्या पंधरांची एक्सऑर, बिटांवरच्या एका क्रियेने काढलेली पडताळणीची किंमत. प्रत्येक बाइट भरायला 'एमकेपी' हा शब्द: आधी किंमत, मग जागा, मग एमकेपी. ही एक्सऑर हाताने काढायची गरज नाही, फोर्थमध्ये एका ओळीचा लूप लिहिला की तेच यंत्र स्वतःची एक्सऑर काढून स्वतःच भरतं. पत्त्याचे शेवटचे तीन बाइट काहीही घेतले तरी चालतात, फक्त घरच्या जाळ्यात दुसऱ्या कुणाचे तेच नसावेत. पण माझ्या चिपवरचं बारकोडचं लेबल शाबूत होतं आणि त्यावर मूळ पत्त्याचे अंक वाचता येत होते. तेच भरले. रीसेट केल्यावर बॅनरमध्ये खरा पत्ता आला.

पण वीज काढली की पुन्हा सगळं कोरं. दर वेळी सोळा बाइट टाइप करणं काही दिवस गंमत म्हणून ठीक आहे. कायमचा इलाज म्हणजे चिपची शस्त्रक्रिया. चिप सॉकेटमध्ये असते, त्यामुळे बोर्डवर काही सोल्डर करावं लागत नाही. काळ्या आवरणाची कड कानशीने हळूहळू घासत गेलं की बॅटरीकडे जाणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या दिसायला लागतात. त्या तोडून मेलेल्या बॅटरीपासून वेगळ्या करायच्या, कारण तसं न करता नवी बॅटरी जोडली तर ती जुन्या मढ्याला पोसत बसते. मग चिपच्या बाजूच्या टोकांना दोन तारा आणि सीआर२०३२ चा होल्डर. आवरणाची भुकटी नाकात जाऊ देऊ नये, मास्क लावावा. नवी चिप विकत घेणं हा सोपा मार्ग आहे, पण 'नवी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपांतली बॅटरी किती जुनी आहे ते बाहेरून कळत नाही. होल्डरमधली बॅटरी निदान बदलता येते.

आता बसवायचं कसं. सीडीचा मार्ग होता, पण सनच्या यंत्राला ५१२ बाइटच्या ठोकळ्यांनी वाचणारा, स्कझी या जुन्या जोडणीचा सीडी ड्राइव्ह लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा: क्यूएमयू हे सॉफ्टवेअर स्पार्कस्टेशन ५ ची हुबेहूब नक्कल करतं, त्यात नेटबीएसडी बसवायची आणि ती डिस्क-प्रतिमा जशीच्या तशी एसडी कार्डावर उतरवायची. मूळ डिस्क ज्या सुरात फिरत होती तो ऐकून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही हे ठरलंच होतं. तिच्या जागी एसडी कार्डाला स्कझी डिस्क म्हणून दाखवणारं छोटं बोर्ड आलं. स्पार्कस्टेशनच्या आत ८० पिनी कनेक्टर आहे आणि बोर्डाला ५० पिनी, त्यामुळे मध्ये एक अडॅप्टर. आणखी एक बारकावा: सनची बूट डिस्क स्कझीवर ३ क्रमांकाची असते, शून्य नव्हे. बोर्डाच्या सेटिंगमध्ये तो ३ केला की ओपनबूटला 'डिस्क' म्हटल्यावर ती आपोआप सापडते.

घाई असेल त्याने क्यूएमयूच वापरावं. मला नेटवर्कवरून बूट करायचं होतं, कारण ही यंत्रं त्यासाठीच बनलेली. तेव्हा डिस्क महाग होत्या, आणि खोलीभर डिस्कविना यंत्रं एका सर्व्हरवरून उठायची.

ओके समोर 'बूट नेट' लिहिलं की यंत्र जाळ्यात ओरडतं: माझा इथरनेट पत्ता अमुक, माझा आयपी कुणाला ठाऊक आहे का? हा आरएआरपी, आज यंत्रांना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीचा विसरलेला पूर्वज. सर्व्हरवर या पत्त्याची नोंद असेल तर उत्तर जातं. मग यंत्र त्या आयपीचं षोडशमानात नाव करून टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलने फाइल मागतं. १९२.१६८.१.१० असेल तर फाइलचं नाव सी०ए८०१०ए.सन४एम, आणि त्यातली रोमन अक्षरं मोठ्या लिपीतलीच हवीत. ती फाइल म्हणजे नेटबीएसडीचा बूटलोडर. तो उठला की विचारतो, माझी रूट फाइल-सिस्टीम कुठे आहे? याचं उत्तर बूटपॅरामडी नावाची सेवा देते. आणि मग त्या जागेवरून एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल-सिस्टीम वापरण्याची सोय) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ओढलं जातं. चार वेगवेगळ्या सेवा, प्रत्येकीने आपला एक प्रश्न सोडवून पुढच्या हाती द्यायचं. एक गप्प बसली की यंत्र त्याच ओळीवर थांबून राहतं.

इथे पहिली अडचण तारेचीच निघाली. स्पार्कस्टेशनचं इथरनेट १० मेगाबिटचं. आजच्या अनेक वेगवान स्विचच्या पोर्टना १० चा वेग येतच नाही, त्यामुळे यंत्र म्हणतं, कॅरिअर नाही, केबल बघा. मध्ये एक जुना साधा १०/१०० स्विच टाकल्यावर दिवा लागला. दुसरी अडचण सर्व्हरची. नेटबीएसडीचा बूटलोडर यूडीपीवर एनएफएसची दुसरी आवृत्ती बोलतो, आणि नव्या लिनक्स कर्नलमधून ती काढून टाकली आहे. त्यासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही. लॅपटॉपवर आभासी यंत्रात नेटबीएसडीच बसवली आणि तारेच्या पोर्टशी तिचा पूल बांधला. वायफायवर असा पूल नीट चालत नाही. नेटबीएसडीत या चारही सेवा मुळातच असतात, फक्त सुरू करायच्या. नेटबूटसाठी दिलेलं रूट फाइल-सिस्टीमचं पुडकं एनएफएसच्या फोल्डरात उघडून ठेवलं.

शेजारी तारेवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडंप चालू ठेवावा, हा माझा या सगळ्यात एकमेव आग्रहाचा सल्ला. बूट होत नसताना स्पार्कस्टेशन जेवढं सांगतं त्याच्या दसपट तारेवर दिसतं: प्रश्न गेला का, उत्तर आलं का, आलं तर कुणाकडून आलं. आजच्या लॅपटॉपचं बूट होणं म्हणजे एक लोगो आणि मग लॉगिन. इथे प्रत्येक पायरी उघडी पडते. टीएफटीपी सुरू झाल्यावर टर्मिनलवर षोडशमानातला आकडा वाढत जाताना दिसतो आणि तो थांबला नाही की हायसं वाटतं.

कर्नल उठलं आणि ओळी धावायला लागल्या. सीपीयू म्हणून एमबी८६९०४, ११० मेगाहर्ट्झ, अशी नोंद आली. हे फुजित्सूने बनवलेल्या मायक्रोस्पार्क-२ चं खरं नाव. घड्याळाबद्दल कर्नलचा शेरा मात्र तिखट होता: चिपमधली वेळ 'प्रिपॉस्टरस', तारीख तपासा. आपल्या भाषेत सांगायचं तर, काहीतरीच. तारीख घालून दिल्यावर ते गप्प झालं. या चिपमध्ये वर्षाला दोनच अंक आहेत आणि सनची यंत्रं ते १९६८ पासून मोजतात, म्हणजे २०६७ पर्यंत चिंता नाही. नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० मध्येच वेळेचा आकडा ६४ बिटी केला, तोही ३२ बिटी यंत्रांसकट. त्यामुळे ३२ बिटी वेळेचा आकडा संपण्याची २०३८ ची ती प्रसिद्ध अडचण या १९९४ च्या यंत्राला नाही. तेव्हाही चालू असलेल्या काही नव्या यंत्रांना ती असेल.

बसवणं हा सगळ्यांत कमी सांगण्यासारखा भाग. सिसइन्स्ट या नेटबीएसडी बसवणाऱ्या प्रोग्रामचे मेन्यू सिरियल टर्मिनलवरही नीट दिसतात. डिस्कचे भाग ए ते एच, त्यातला सी म्हणजे अख्खी डिस्क, त्याला हात लावायचा नाही. वेळ खाल्ला तो प्रणालीच्या फाइलींचे दाबलेले संच उलगडण्यात. जुन्या यंत्रांसाठी हे संच अजूनही उलगडायला हलक्या जीझिपमध्ये देतात, एक्सझेडमध्ये नव्हे, याबद्दल देणाऱ्यांचे आभार. एकच जागा अशी आली जिथे मी थबकलो. सिसइन्स्टने सांगितलं की या यंत्रात पुरेसा यादृच्छिकपणा नाही, सुरक्षित किल्ल्या बनवता येणार नाहीत. बरोबरच होतं. १९९४ च्या प्रोसेसरात यादृच्छिक आकडे देणारी सूचना कुठून असणार? उपायही तिथेच दिलेला: दुसऱ्या यंत्रावर ३२ यादृच्छिक बाइट काढून ते बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, इथे चिकटवा. म्हणजे नव्या यंत्राने जुन्याला थोडा गोंधळ उसना दिला.

पहिल्यांदा एसएसएच केलं, म्हणजे लॅपटॉपवरून सुरक्षित लॉगिन, तेव्हा मात्र वाटलं, अडकलं. किल्ल्यांची देवाणघेवाण संपून लॉगिन येईपर्यंत उठून फेरी मारून यावी एवढा वेळ. कारण नुसतं घड्याळाचा वेग कमी हे नाही. नेटबीएसडीचे स्पार्कसाठीचे प्रोग्राम स्पार्कच्या सातव्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात, म्हणजे माझ्या यंत्राहून जुनी, सन४सी जातीची यंत्रंही चालावीत. आणि सातव्या आवृत्तीत पूर्णांकांच्या गुणाकार-भागाकाराच्या सूचनाच नाहीत. गुणाकार पायरी-पायरीने करावा लागतो. कूटलेखन म्हणजे तर गुणाकारांचा डोंगर. माझा प्रोसेसर आठव्या आवृत्तीचा, त्याला त्या सूचना येतात, पण कुणी सांगत नाही म्हणून तो वापरत नाही. यासाठी नेटबीएसडीत एक छोटी लायब्ररी दिलेली आहे, जी गुणाकार-भागाकाराची कामं आठव्या आवृत्तीच्या सूचनांनी करते. प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या लोडरच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ लिहिली की सीपीयू बघून तो ती आपोआप आधी लावतो. एका ओळीने एसएसएचचा फरक हाताला जाणवतो. होस्टची किल्ली आरएसएऐवजी ईडी२५५१९ प्रकारची ठेवल्याने आणखी थोडा.

डिस्कच्या ए भागावर जर्नल, म्हणजे बदलांची आधी होणारी नोंद, चालू केलं. वीज गेल्यावर अख्खी फाइल-सिस्टीम तपासत बसणं ११० मेगाहर्ट्झला परवडत नाही.

ग्राफिक्सही जोडून पाहिलं. सनच्या सीजी६ कार्डाला १३डब्ल्यू३ नावाचा विचित्र कनेक्टर असतो, त्यातून व्हीजीएचं अडॅप्टर. सनचं मूळ रिझोल्यूशन ११५२ बाय ९००, आणि आजचा प्रत्येक मॉनिटर त्याला हो म्हणत नाही. माझा एक म्हणाला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, तो सनचा जाड बारा बाय बावीसचा गॅलंट फाँट, बघायला देखणा. एक्स ही खिडक्यांची प्रणाली चालते, आठ बिटी रंगांत. ब्राउझर विसरा, फायरफॉक्ससारख्या आजच्या ब्राउझरना बांधायला रस्ट ही भाषा लागते आणि ३२ बिटी स्पार्कवरच्या नेटबीएसडीसाठी ती नाही. मी पडदा काढून ठेवला. एसएसएचने आत गेलं की टर्मिनल लॅपटॉपचं, त्यामुळे देवनागरी फाइल-नावंसुद्धा नीट दिसतात. स्पार्कला ते नुसते यूटीएफ-८ चे बाइट, त्याला त्याचं काही नाही.

मग याचा उपयोग काय, हे विचारणारे खूप भेटतात. एक खरा उपयोग निघाला. एका मित्राचा सी भाषेतला छोटा प्रोग्राम आहे, आवाजाच्या फाइलींचं शीर्षक वाचणारा. इंटेलवर आणि फोनवर वर्षानुवर्षं चालतोय. स्पार्कवर चालवल्याबरोबर: बस एरर, कोअर डंप. फाइलच्या मधल्या एका जागेवरून तो चार बाइटचा पूर्णांक थेट उचलत होता, आणि ती जागा चारने भाग जाणारी नव्हती. इंटेलचा प्रोसेसर असलं चालवून घेतो. स्पार्क घेत नाही, तिथल्या तिथे काम थांबवतो. ते दुरुस्त झाल्यावर दुसरी गोष्ट दिसली: फाइलींची लांबी अब्जावधीत येत होती. स्पार्क मोठी बाइट आधी ठेवतो, इंटेल छोटी, आणि प्रोग्राममध्ये बाइटचा क्रम कुठेच धरलेला नव्हता. आजकाल हाताशी असलेली बहुतेक यंत्रं एकाच क्रमाची, त्यामुळे ही चूक कुणाला कधी भेटतच नाही. क्यूएमयूतही ती दिसली असती हे खरं. पण आधी कुणाला क्यूएमयू लावून बघावंसं वाटलं नव्हतं. मित्राने दोन्ही जागा नीट केल्या, आणि आता नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी तो ती मला पाठवतो.

स्पार्कवर मोठं काही कम्पाइल करणं मी सोडून दिलं आहे. नेटबीएसडीची बिल्ड डॉट एसएच ही स्क्रिप्ट २००२ च्या १.६ पासून आहे: लॅपटॉपवर तिला यंत्राचं नाव स्पार्क असं दिलं की ती आधी लागणारी हत्यारं स्वतः बांधते, मग कर्नलपासून शेवटच्या मॅन पानापर्यंत (मदतीचं पान) सगळी प्रणाली स्पार्कसाठी तयार करते. लॅपटॉपवर लिनक्स असो की मॅक, तिला फरक पडत नाही. माझ्या कर्नलमधून या यंत्रात नसलेली ड्रायव्हर काढून टाकली, तेवढीच मेमरी सुटली. नवं कर्नल त्याच टीएफटीपी आणि एनएफएसच्या वाटेने आधी चालवून बघतो, ठीक वाटलं तर कार्डावर उतरवतो. नाही वाटलं तर रीसेट, आणि ओके समोर पुन्हा 'बूट डिस्क'.